दिवसाला दहा रुपये

शहरातल्या सुशिक्षित माणसाशी सौरविजेविषयी बोलायला बसले की एक मत हमखास ऐकू येते. ते मांडणारी माणसे विचारी असतात, म्हणूनच त्याला उत्तर द्यावेसे वाटते. मत असे: पूर्वी पॅनेल महाग होते, म्हणून खेड्यातल्या एका घरात चार दिवे लावायलासुद्धा कोणीतरी ध्येयवेडा माणूस लागत असे. आता पॅनेल स्वस्त झाले, गावोगाव तारा पोचल्या, छतावर वीज तयार करायला सरकार अनुदान देते. यातूनही जी घरे उरली असतील त्यांना दिवे फुकट देऊन टाकावेत. घरोघर फिरून, बँकेचे कर्ज मिळवून देऊन, हप्त्याने दिवे बसवणारा सौर उद्योजक आता इतिहासजमा झाला. त्याने चांगले काम केले, त्याला नमस्कार करावा आणि पुढे जावे.

शास्त्रार्थाचा आपल्याकडचा दंडक असा, की पूर्वपक्ष आधी पुरेसा बळकट करून मांडायचा आणि मगच खंडनाला हात घालायचा. तो पाळायचा तर या मताच्या पाठीशी भक्कम आकडे आहेत हे प्रथम सांगितले पाहिजे. २०१० ते २०२० या दशकात पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग या गावाला वीज जोडली गेली आणि देशातले प्रत्येक वस्तीचे गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत मार्च २०२२ पर्यंत २ कोटी ८० लाखांहून अधिक घरांना जोडण्या मिळाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तीन किलोवॅटच्या छतावरील संचाला ७८ हजार रुपये अनुदान आणि उद्दिष्ट एक कोटी घरांचे. या पंक्तीत एक संशोधनही येऊन बसते. लहान सौरसंचांमुळे गरिबांच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच्याकडे पुढे येईन.

हे सारे मान्य करूनही मी म्हणतो की हे मत चुकीचे आहे, आणि त्याची चूक एकाच जागी आहे. घरावर पॅनेल चढले म्हणजे घराला वीज मिळाली, असे ते धरून चालते. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले त्यांचा अनुभव उलटा आहे. त्यांच्या कामात पॅनेल हाच सर्वांत सोपा भाग होता.

उदाहरण म्हणून कर्नाटकातल्या हरीश हंदे यांचे काम घेऊ, कारण त्याचा तीस वर्षांचा हिशेब डोळ्यांपुढे आहे. उडुपी जिल्ह्यात मूळ असलेल्या घराण्यातला, राउरकेल्यात वाढलेला, खरगपूरच्या आयआयटीत ऊर्जा अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण मॅसॅच्युसेट्सला संशोधनासाठी गेला. तिथे असताना डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या खेड्यांत त्याने गरीब घरे स्वतःच्या पैशाने सौरदिवे वापरताना पाहिली आणि त्याच्या संशोधनाची दिशाच बदलली. मोठ्या सौरप्रकल्पांचा विषय मागे पडला. खेड्यातल्या घरातली वीज हा विषय झाला. त्यासाठी तो श्रीलंकेतल्या खेड्यांतही राहून आला. १९९५ मध्ये नेव्हिल विल्यम्स यांच्यासोबत त्याने सेल्को ही कंपनी काढली. कंपनी, धर्मादाय संस्था नव्हे. २०११ मध्ये हंदे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर तिचे दिवे लाखाहून अधिक घरांत लागले होते.

हंदे आपल्या व्याख्यानांत एक प्रसंग नेहमी सांगतात. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या एका बाईला ते सौरदिवा समजावून देत होते. महिन्याला तीनशे रुपये म्हटल्यावर ती म्हणाली, परवडत नाही. दिवसाला दहा रुपये म्हटले असते तर परवडले असते. अर्थशास्त्राच्या वर्गात या दोन आकड्यांत काहीच फरक नाही. भाजीवालीच्या हिशेबात मात्र दोन्ही रकमा वेगळ्या जगातल्या आहेत. तिच्या कनवटीला महिन्याचे तीनशे कधी जमतच नाहीत. संध्याकाळच्या गल्ल्यातून उद्याच्या मालाचे, घरच्या पिठामिठाचे, पोराच्या वहीचे पैसे बाजूला निघतात आणि त्यात बत्तीच्या रॉकेलचे असतातच. रॉकेल ती रोजच्या रोज घेते, म्हणून ते तिला महाग वाटत नाही. त्याच्या जागी दिवा आणायचा तर त्याचे पैसेही रोजच्या रोजच निघाले पाहिजेत.

गरिबांना सौरवीज परवडत नाही, हा समज इथे गळून पडतो. परवडणे ही रकमेची गोष्ट आहे त्याहून अधिक ती वेळेची गोष्ट आहे. पैसा हाती येण्याची प्रत्येक घराची लय निराळी असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, उसाचा पैसा कारखान्याच्या मर्जीने, भुईमुगाचा काढणीनंतर. महिन्याच्या पाच तारखेला ठरावीक रक्कम कापणारा हप्ता पगारदारांनी पगारदारांसाठी बेतलेला आहे. हंदे आणि त्यांच्या माणसांनी सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत जास्त चपला झिजवल्या त्या बँकांच्या शाखांत, शाखाधिकाऱ्याला हेच पटवण्यासाठी: शेतकऱ्याचा हप्ता सुगीला घ्या, फेरीवाल्याचा रोज घ्या, आणि दिवा ही चैन समजू नका, दिव्याखाली विणलेली वेणी आणि वळलेली विडी उद्या हप्ता भरणार आहे.

हे पटायला कर्नाटकाच्या किनारपट्टीसारखी भूमी शोधून सापडली नसती. १९२५ मध्ये उडुपीत टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बँक काढली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. हातमागाचा धंदा बसल्यामुळे अडचणीत आलेल्या विणकरांना आधार देणे हा त्या बँकेचा एक हेतू होता. १९२८ मध्ये तिने पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे घेऊन जाणार. पिग्मी हा शब्द आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत चहावाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. पतसंस्थेचा पिग्मी एजंट ठाऊक नाही असा दुकानदार विरळा. दोन आण्यांची बचत दारात येऊन गोळा करता येते, तर दहा रुपयांची परतफेड का गोळा करता येणार नाही? सौरदिव्याच्या हप्त्याला या पिग्मीच्या वंशातला मानणे हे माझे अनुमान आहे, पण ज्या बँकांनी सेल्कोच्या ग्राहकांना पहिल्यांदा कर्जे दिली त्यांत सिंडिकेट बँक होती हे लक्षात घेतले की ते अनुमान ओढूनताणून केलेले वाटणार नाही. पुढे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट या दोन बँकांना हाताशी धरून व्याजाचा भार हलका करणारी योजना कर्नाटकात आणली. तिने पॅनेलची किंमत कमी केली नाही, व्याज कमी केले. तेवढ्याने चार वर्षांत हजारो घरांनी कर्ज काढून दिवे घेतले.

मॅनिलाच्या ज्या व्यासपीठावर २०११ मध्ये हंदे यांचा सन्मान झाला, त्याच व्यासपीठावर त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा उभ्या होत्या. त्यांचे काम बचत गटांचे, गोधड्या शिवणाऱ्या बायकांचे, गावातल्या गावात फिरणाऱ्या कर्जनिधीचे. एक विजेचा माणूस, एक गोधडीची बाई, अशी त्या वर्षीच्या बातम्यांत विभागणी झाली. मला दोघांचे काम एकच वाटते. गरीब घराची पत ओळखायची, तिला आकार द्यायचा आणि तिच्यावर काहीतरी टिकाऊ उभे करायचे.

इथे प्रतिपक्ष म्हणेल: एवढी यातायात कशाला? फुकट द्या. हप्ता नको, व्याज नको, एजंट नको.

या सूचनेमागची कळकळ खरी आहे, म्हणून तिचे उत्तर बांगलादेशातून देतो, कारण तो प्रयोग तिथे पूर्ण होऊन गेला आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली ग्रामीण शक्ती ही संस्था आणि २००३ पासून तिच्यासारख्या अनेक संस्थांना कर्जपुरवठा करणारी इडकोल ही सरकारी वित्तसंस्था यांनी मिळून घरगुती सौरसंचांचा जगातला एक फार मोठा कार्यक्रम चालवला. आरंभीचे उद्दिष्ट २००८ पर्यंत ५० हजार संचांचे होते. ते तीन वर्षे आधीच गाठले गेले. शेवटी आकडा ४० लाखांच्या पुढे गेला, म्हणजे सुमारे दोन कोटी माणसे त्या दिव्यांखाली जेवली, अभ्यासाला बसली. या यशाचे मर्म एका साध्या व्यवस्थेत होते. महिन्याचा हप्ता न्यायला जो माणूस येई, तोच बॅटरीतले पाणी पाही, सैल तार घट्ट करी, पॅनेलवरची धूळ पुसायची आठवण करून देई. वसुलीची फेरी आणि दुरुस्तीची फेरी एकच होती. दिवा बंद असेल तर गिऱ्हाईक हप्ता देणार नाही, हे त्याला ठाऊक असल्यामुळे दिवा चालू ठेवण्यात त्याचा स्वार्थ होता.

पुढे तिथे दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. विजेच्या तारा झपाट्याने पसरल्या, आणि समाजकल्याणाच्या योजनांतून सौरसंच फुकट वाटले जाऊ लागले. शेजाऱ्याला फुकट मिळालेल्या वस्तूचे हप्ते कोण फेडील? विक्री कोसळली, थकबाकी वाढली, कर्ज देणाऱ्या संस्था अडचणीत आल्या, फेऱ्या थांबल्या. फुकट वाटपाने नव्या घरांना दिवे मिळाले हे खरे. पण आधीच्या लाखो दिव्यांची निगा राखणारी माणसे त्याच वाटपाने उठवली. हा जमाखर्च फुकट वाटपाच्या बाजूने बोलणाऱ्याने एकदा मांडून पाहावा.

निगा हा शब्द शहरात बसून फार किरकोळ वाटतो. छतावरचे पॅनेल पंचवीस वर्षे चालते, त्याला फिरता भाग नाही, इंधन नाही. मग बिघडणार काय, असा प्रश्न येतो. बिघडते ते पॅनेलच्या खालचे सगळे. शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी होऊ दिली की तिचे आयुष्य निम्म्याने घटते. म्हणून तिच्यापुढे एक लहानसा नियंत्रक बसवलेला असतो, तो ठरावीक पातळीला दिवे बंद करतो. क्रिकेटचा सामना रंगात आलेला असतो आणि टीव्ही बंद पडतो. घरातला हुशार मुलगा नियंत्रक वगळून बॅटरीच्या तारा सरळ टीव्हीला जोडतो. याला खेड्यांत ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. सामना पाहून होतो, बॅटरी सहा महिन्यांत जाते. डिस्टिल्ड वॉटरऐवजी आडाचे पाणी ओतले जाते. दोन वर्षांत शेवग्याची फांदी वाढते आणि दुपारी दोननंतर अर्ध्या पॅनेलवर सावली येते. एवढ्याशा सावलीने सगळी वीज बसते, हे कोणी सांगितलेले नसते. यातले एकही काम कठीण नाही. पण प्रत्येकाला हाकेच्या अंतरावर माणूस लागतो. सेल्कोने शाखा तालुक्याच्या गावांत काढल्या त्या याचसाठी.

माझ्या आजोळच्या गावात देवळासमोर एका योजनेतून सौरदिव्याचा खांब उभा राहिला होता. पहिल्या वर्षी त्याच्या उजेडात भजन होई, पोरे पत्ते खेळत. दोन पावसाळ्यांनंतर दिवा मंद झाला, मग गेला. खांबावरच्या पेटीचे झाकण उघडे राहिले, बॅटरी कोणी नेली कळले नाही. मामाला विचारले, तक्रार केली का? तो म्हणाला, कोणाकडे? खांबावर योजनेचे नाव रंगवलेले होते, रक्कम लिहिलेली होती, उद्घाटन कोणी केले ते होते. पत्ता नव्हता. त्या दिवसापासून फुकट या शब्दाकडे मी त्या पेटीच्या उघड्या झाकणातून पाहतो.

फुकटवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी टाळणार नाही, कारण तो न्यायाचा आहे. चाळीस वॅटच्या पॅनेलवर चार दिवे चालवणाऱ्या जुन्या संचाचा हिशेब करू. असे पॅनेल दिवसाला साधारण सव्वाशे वॅट-तास वीज हाती देते. महिना तीनशेचा हप्ता धरला तर हप्ते फिटेपर्यंत युनिटचा भाव ऐंशी रुपयांच्या घरात जातो. शहरातला माणूस युनिटला आठ-दहा रुपये द्यायला कुरकुरतो, आणि भाजीवालीने ऐंशी द्यावेत? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. त्याला माझे उत्तर असे, की तिची तुलना शहराच्या मीटरशी नाही, तिने काल जाळलेल्या रॉकेलशी आहे. आणि रॉकेलच्या मिणमिणत्या उजेडाचा भाव काढला तर तो याहून चढाच निघेल. तरीही समाजाने तिचा भार उचललाच पाहिजे. प्रश्न आहे तो कुठे उचलायचा. पॅनेलच्या किमतीत अनुदान घातले की ते विक्रीच्या दिवशी संपते आणि पुरवठादाराचा रस त्याच दिवशी आटतो. तेच अनुदान व्याजात, सुरुवातीच्या भरण्यात आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीत घातले तर ते त्या घरापाशी रेंगाळते. कर्नाटकात अनेक घरांचे अडत होते ते बँकेने मागितलेल्या पंधरा टक्के रोख भरण्यावर. ती रक्कम देणगीच्या निधीतून उभी केली, आणि जिथे बँक कर्जच देत नव्हती तिथे कर्ज मिळू लागले. दानाला अशी जागा दिली तर ते अनेक पटींनी फळते.

आता तारांकडे वळू. २००४ नंतरच्या सरकारी व्याख्येनुसार गावातल्या दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, आरोग्यकेंद्र अशा सार्वजनिक जागी वीज आली की ते गाव विद्युतीकृत. त्याआधीची व्याख्या तर याहून सैल होती. लेइसांगचा दिवस देशाच्या इतिहासात मोलाचाच आहे. त्याचे श्रेय खांब खांद्यावर वाहून नेणाऱ्या मजुरांपासून सगळ्यांना द्यायला हवे. पण तार आली म्हणजे हवी तेव्हा वीज आली असे नव्हे, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असेल? आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशा पाळीने येणाऱ्या थ्री-फेज विजेसाठी तो रात्री दोन वाजता, हातात बॅटरी आणि काठी घेऊन, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने बांधावर उभा राहिला आहे. त्याच्या दारात तार होती. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली ती दिवसा वीज देण्यासाठी. याचा अर्थच असा, की तार आणि वीज यांतले अंतर सरकारनेही मान्य केले. हे अंतर का पडते याचे एक कारण रॉबिन बर्जेस, मायकेल ग्रीनस्टोन, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन यांनी २०२० च्या आपल्या निबंधात मांडले आहे. वीज हा हक्क मानला की बिल न भरणे खपवून घेतले जाते. बिल न आल्यामुळे वितरण कंपनी तोट्यात जाते. तोटा टाळण्यासाठी ती पुरवठाच कमी करते, आणि मग जो प्रामाणिकपणे भरतो त्यालाही अंधार मिळतो.

तारवाल्यांच्या हातात मात्र एक जबरदस्त उदाहरण आहे: बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातले धरनई. २०१४ मध्ये ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॅटची सौर सूक्ष्मजाल व्यवस्था उभी केली. गाजावाजा झाला. माजी मुख्यमंत्री भेटीला आले तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली ती ‘असली’ विजेची. ही नकली आहे, म्हणाले. तार आली आणि सौरव्यवस्था हळूहळू ओस पडली. काही वर्षांनी पत्रकार गेले तेव्हा तिथे गुरे बांधलेली होती.

धरनईचे लोक चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांना पंखा, फ्रीज, इस्त्री हवी होती आणि जास्त वीज खाणारी उपकरणे लावायला तिथे मनाई होती. ज्याला पूर्ण वीज मिळू शकते त्याला अर्धीवर समाधान मान म्हणणे हा अन्याय आहे, आणि सौरऊर्जेच्या काही समर्थकांनी तो केला आहे. पण धरनईत हरले काय? सगळ्या गावाला एकच मापाची वीज देणारी, बाहेरून आलेली, बिघडली तर कोणी धावत यावे अशी पक्की बांधणी नसलेली एक रचना हरली. घराला काय हवे ते आधी विचारणारा, आणि न चालल्यास ज्याचा हप्ता बुडतो असा विक्रेता तिथे नव्हताच. धरनईचा पुरावा माझ्या प्रतिपक्षाने आणला, पण तो साक्ष माझ्या बाजूने देतो.

संशोधनाचेही तसेच. मायकेल अक्लिन, पॅट्रिक बायर, एस. पी. हरीश आणि योहानेस उर्पेलाइनेन यांनी उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत १,२८१ घरांवर केलेला यादृच्छिक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या बाजारातल्या रॉकेलवरचा खर्च घटला, पण बचत, खर्च, नवे धंदे, कामाचे वा अभ्यासाचे तास यांत ठाम फरक आढळला नाही. काम नेटके आहे, निष्कर्ष प्रामाणिक आहे. त्यातून काढला जाणारा अर्थ तेवढा चुकतो. प्रयोगात ज्या घरांनी वीज घेतली त्यांना मिळाले होते काय? सगळ्यांना सारखे: दोन एलईडी दिवे आणि मोबाइल चार्ज करायची सोय. दोन दिव्यांनी धंदा उभा राहिला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय दादर किंवा कोथरूडच्या घरात वीज आल्यावर तुमची बचत किती वाढली, असा हिशेब आपण कोणाला विचारत नाही. आजारी माणसाला रात्री पाणी देताना तोंड दिसणे, चुलीशी विंचू आहे की नाही हे कळणे, याला किंमत आहे आणि ती बचतीच्या रकान्यात येत नाही.

धंदा हवा असेल तर धंद्याकडे पाहूनच वीज बेतावी लागते. पहाटेच्या अंधारात रबराच्या झाडाला खाच पाडणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्याला छताला टांगलेला दिवा निरुपयोगी, डोक्याला बांधायचा दिवा हवा. सूर्य उगवण्याआधी कळ्या खुडणाऱ्या बायकांचेही तेच, आणि बाळंतपणाला धावणाऱ्या सुईणीचेही. शिवणकाम करणारीला दिव्याआधी मशीनची मोटर हवी. संध्याकाळच्या बाजारात बसणाऱ्या दहा-वीस फेरीवाल्यांना पॅनेल कोणालाच नको, कारण त्यांना स्वतःचे छत नाही. त्यांच्यातल्याच एकाने दिवसभर बॅटऱ्या चार्ज करून संध्याकाळी दिवे भाड्याने दिले की काम भागते. छतावरील अनुदान ज्याच्याकडे स्वतःचे छत आणि स्वतःचे मीटर आहे त्यालाच पोचते. भाडेकरू, पालावर राहणारा, हातगाडीवाला त्यात बसत नाही. कर्नाटकातल्या काही शाळांत सेल्कोने आणखी एक युक्ती केली. पॅनेल शाळेच्या छतावर. मुलाने छोटी बॅटरी डब्यासारखी दप्तरात घालून आणायची, ती दिवसभर चार्ज होते, संध्याकाळी घरी नेऊन दिवा लावायचा. शाळा बुडवली की घरी अंधार. बॅटरी शिक्षकाच्या नजरेखालून रोज जाते, म्हणजे तपासणीची फेरीही आपोआप झाली.

राहिला व्याप्तीचा आक्षेप: हे सगळे एका हंदेपुरते, देशभर कसे जमणार? हंदे यांचीही वाट सरळ गेलेली नाही. २००४ नंतर जर्मनीतल्या मागणीमुळे आणि सिलिकॉनच्या तुटवड्यामुळे पॅनेलचे भाव चढले तेव्हा कंपनी तोट्यात गेली, घाईने केलेला विस्तार अंगाशी आला, भांडवलाची घडी नव्याने बसवावी लागली. पण व्याप्तीला उत्तर म्हणून मी छत्तीसगडकडे बोट दाखवतो. तिथे सरकारी संस्थेने, क्रेडाने, दूरच्या खेड्यांत आणि प्राथमिक आरोग्यकेंद्रांत सौरसंच बसवले आणि गावांच्या समूहांसाठी दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ नेमले. २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात सौरवीज असलेल्या आरोग्यकेंद्रांत नसलेल्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक रुग्ण दाखल होत होते आणि बाळंतपणे जवळजवळ दुप्पट होत होती. याचे सगळे श्रेय विजेला देता येणार नाही, पण रात्रीची प्रसूती टॉर्चवर करावी लागलेल्या नर्सला यात नवल वाटणार नाही. म्हणजे फेरी खाजगी माणसानेच घालायला हवी असे मुळीच नाही. सरकारने घातली तरी चालते. घातली मात्र पाहिजे, आणि तिचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे लिहिलेले असले पाहिजेत.

पॅनेल स्वस्त झाले म्हणून उद्योजक नकोसा झाला, या सुरुवातीच्या म्हणण्याचा आता उलटा हिशेब लागतो. १९९५ मध्ये भाजीवालीच्या किंवा विडीवालीच्या दिव्याच्या किमतीत पॅनेलचा वाटा मोठा होता. तो आटत गेला. बॅटरी मात्र अजूनही काही वर्षांनी बदलावी लागते, आणि पावसात चिखल तुडवत येणाऱ्या तंत्रज्ञाची मजुरी कमी झाली नाही, वाढली. त्या दहा रुपयांत आज पॅनेलचे थोडेच उरले. बाकीचे त्याच्या मोटरसायकलच्या पेट्रोलचे, मागे बांधलेल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनचे, आणि पुढच्या सोमवारी तो परत येणार आहे त्याचे.